हॅटी मॅक्डॅनियल : भिंतीलगतच्या टेबलावरची मानकरी

सिनेमा पाहताना नायक-नायिकेच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे आपले लक्ष जात नाही. चहाचा ट्रे आणणारी बाई, दार उघडणारा नोकर, बाळाला खेळवणारी आया यांचे नाव श्रेयनामावलीत नसते आणि बऱ्याचदा कथेतही नसते. पण एखाद्या समाजाची खरी उतरंड पाहायची असेल, तर नायकाला सोडून या मागच्या माणसांकडे पाहावे. कोणाला पुढे बसवले आहे आणि कोणाच्या हातात ट्रे दिला आहे, यावरून त्या समाजाने माणसांची वाटणी कशी केली आहे ते कळते. पडदा खोटा असतो, पण ही वाटणी खोटी नसते.

हॉलिवूडच्या ज्या काळाला तेथील लोक सुवर्णकाळ म्हणतात, त्या काळात अशा मागे उभ्या राहणाऱ्यांमध्ये एक कृष्णवर्णीय बाई होती. तिने सुमारे ३०० चित्रपटांत काम केले असे मानले जाते. त्यांपैकी जेमतेम ८० चित्रपटांत तिचे नाव पडद्यावर झळकले. बहुतेक भूमिका मोलकरणीच्या किंवा स्वयंपाकिणीच्या. आणि तरीही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणून इतिहासाला तिचेच नाव लिहावे लागले. ती म्हणजे हॅटी मॅक्डॅनियल. तिला गोऱ्यांनी टाळ्या दिल्या, पण शेजारी बसू दिले नाही. तिच्याच समाजातील काही पुढाऱ्यांनी तिला गोऱ्यांची हुजरी ठरवले. दोन्ही बाजूंनी मार खात ही बाई जगली. तिचा न्याय नीट व्हायला हवा, कारण तिच्यापुढे जो प्रश्न होता तो प्रत्येक देशातील शोषित समाजापुढे कधी ना कधी येतोच.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धानंतर तेथील गुलामी कायद्याने संपली. त्या युद्धात केवळ गोरे लढले असे नाही. कालपर्यंत गुलाम असलेले हजारो काळे लोक बंदूक हातात घेऊन स्वतःच्या मुक्तीसाठी लढले. हॅटीचे वडील हेन्री मॅक्डॅनियल हे त्यांतलेच एक. गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाला, लढला आणि जखमी झाला. त्या जखमांनी त्यांना जन्मभर छळले. हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना सरकारदरबारी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. स्वातंत्र्य मिळाले, पण त्याबरोबर जमीन मिळाली नाही, भांडवल मिळाले नाही आणि मानही मिळाला नाही. जोतीरावांनी ज्या मुक्तीचे कौतुक केले, त्या मुक्तीनंतरची ही दुसरी कहाणी आहे. हॅटीचे सारे आयुष्य या दुसऱ्या कहाणीत गेले.

हॅटीचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा या गावी झाला. आई सुझन हीसुद्धा गुलामीत जन्मलेली. ती चर्चमध्ये भक्तिगीते गात असे. हॅटी हे तेरावे आणि शेवटचे अपत्य. त्यांतली कितीतरी मुले लहानपणीच गेली. पुढे कुटुंब कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरी आले. बाप आजारी, आई घरकाम करणारी, पोटाला पुरेसे अन्न नाही, अशा घरात ही मुलगी वाढली. शाळेत मात्र ती हुशार होती. १९१० साली तेथील दारूबंदी चळवळीच्या महिला संघटनेने घेतलेल्या पाठांतर स्पर्धेत तिला पदक मिळाले. त्यानंतर तिने शाळा सोडली आणि भावाच्या फिरत्या नाटक मंडळीत गेली.

त्या काळातील या करमणुकीला मिन्स्ट्रेल शो म्हणत. त्याची सुरुवात गोऱ्यांनी केलेली. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासत आणि काळ्या माणसाची टिंगल करत. काळा म्हणजे आळशी, मूर्ख, नाचरा, मालकावर जीव टाकणारा. पुढे काळ्या कलावंतांच्याही मंडळ्या निघाल्या, कारण रंगमंचावर उभे राहायला त्यांना दुसरी जागाच नव्हती. १९१४ मध्ये हॅटीने बहीण एटा हिला बरोबर घेऊन केवळ बायकांची मंडळी काढली. तेव्हा ती अवघी एकवीस वर्षांची होती. त्या खेळांत ती लठ्ठ, आज्ञाधारक मोलकरणीचे सोंग आणत असे, पण त्या सोंगाचीच टर उडवण्यासाठी. समोर प्रेक्षक तिच्या स्वतःच्या समाजाचा होता. त्याला त्या हसण्यातली खोच कळत होती. पुढे हॉलिवूडने तिला जन्मभर जे पात्र करायला लावले, त्याच पात्राची थट्टा करत तिने कला शिकली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

१९२० नंतर ती जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर गात देशभर हिंडली. रेडिओवर गायली. १९२६ ते १९२९ या काळात तिच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्यांतली काही गाणी तिने स्वतः लिहिलेली होती. मग १९२९ चा शेअर बाजार कोसळला. मंदी आली की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. कंपन्या बंद पडल्या आणि हॅटी मिलवॉकी शहरात अडकली. तेथील एका क्लबमध्ये तिला काम मिळाले ते स्त्रियांच्या प्रसाधनगृहात टॉवेल देणारीचे. गाणारी, गाणी लिहिणारी, स्वतःची मंडळी चालवलेली बाई प्रसाधनगृहाच्या दाराशी उभी राहिली. त्या क्लबचा रंगमंच गोऱ्यांसाठी राखीव होता. एका रात्री तिला गाण्याची संधी मिळाली, लोकांनी तिला डोक्यावर घेतले आणि मग तीच तेथील नेहमीची गायिका झाली.

१९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आणि बहिणी तेथे आधीच आल्या होत्या. सॅमच्या ओळखीने तिला रेडिओवर एक कार्यक्रम मिळाला. त्यात ती आगाऊ मोलकरणीचे पात्र करी. ते पात्र लोकप्रिय झाले, पण पगार इतका तुटपुंजा की दिवसा तिला लोकांच्या घरी खरोखरची मोलकरीण म्हणून राबावे लागे. म्हणजे सकाळी खरी धुणी-भांडी आणि संध्याकाळी रेडिओवर खोटी. काळ्या स्त्रीसाठी त्या व्यवस्थेने दोनच जागा ठेवल्या होत्या, आणि दोन्ही जागा एकाच स्वयंपाकघरात होत्या.

हॉलिवूडमध्ये तेव्हा सेंट्रल कास्टिंग नावाची एक कचेरी होती. १९२५ साली स्थापन झालेली. गर्दीच्या दृश्यांना लागणारी माणसे तेथून रोजंदारीवर पाठवली जात. काळ्या एक्स्ट्रांना बोलावणे येई ते जंगलातले आदिवासी, मळ्यावरचे गुलाम, तुरुंगातले कैदी, हमाल आणि मोलकरणी यांच्यासाठी. हॅटीच्या आधी मादाम सुल-ते-वान या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने हीच वाट तुडवली होती. तिची आई धोबीण होती. क्लॅन या दहशतवादी संघटनेचा उदोउदो करणाऱ्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या चित्रपटातही तिला पोटासाठी काम करावे लागले. आपल्याच समाजाला बदनाम करणाऱ्या चित्रपटात दोन घासांसाठी उभे राहायचे, हे दुर्दैव काळ्या कलावंतांच्या वाट्याला हॉलिवूडच्या पहिल्या दिवसापासून आले.

हॅटी १९३२ पासून पडद्यावर दिसू लागली. कधी मार्लिन डीट्रिचच्या चित्रपटात, कधी मे वेस्टच्या मोलकरणींपैकी एक. नाव नाही, दोन-चार वाक्ये, कधी तीही नाहीत. तिच्या वाट्याला मोलकरीणच का येत होती, याला कारणे आहेत. १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांमधील प्रेमसंबंध दाखवायला बंदी होती. त्यामुळे काळी स्त्री नायिका होण्याचा दरवाजाच बंद झाला. दक्षिणेकडील राज्यांतील थिएटरमालकांना काळा माणूस बरोबरीच्या नात्याने वावरताना चालत नसे. १९४० च्या दशकात लीना हॉर्न या गायिकेची दृश्ये मुद्दाम वेगळी चित्रित केली जात, म्हणजे दक्षिणेत ती कापून टाकता येत. मोलकरीण मात्र कोणी कापत नसे. मोलकरीण पाहून गोऱ्या प्रेक्षकाला बरे वाटे. तिकीटबारीचा आणि वंशद्वेषाचा असा पक्का करार झालेला होता.

या चौकटीत राहून हॅटीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. जॉन फोर्ड यांच्या ‘जज प्रीस्ट’मध्ये (१९३४) तिला पहिल्यांदा जरा मोठी भूमिका मिळाली. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’ आला. मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबाला श्रीमंतीचा आव आणायचा आहे. म्हणून एका संध्याकाळच्या मेजवानीसाठी ते भाड्याने मोलकरीण आणतात. हॅटीची ही मलीना तोंडात च्युइंगगम चघळत, डोक्यावरची टोपी कलती ठेवून, रेंगाळत वाढते आणि त्या कुटुंबाच्या बडेजावाचा फुगा एक शब्दही न बोलता फोडून टाकते. मालकांना आपण लाचार वाटतो, पण लाचार कोण आहे ते तिच्या डोळ्यांत दिसते. १९३६ च्या ‘शो बोट’मध्ये ती पॉल रॉब्सन यांच्यासारख्या थोर गायक-विचारवंताबरोबर उभी राहिली. तिची मोलकरीण मान खाली घालत नसे. ती मालकिणीला दटावत असे, टोमणे मारत असे, डोळे वटारत असे. लिहिणाऱ्याने लिहिलेली गुलाम आणि हॅटीने उभी केलेली बाई या दोघींत अंतर पडू लागले.

१९३६ मध्ये मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी आली आणि प्रचंड खपली. गुलामांच्या मालकांचे वैभव कसे लयाला गेले, याचे गळे काढणारी ही कथा. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी त्यावर चित्रपट काढायचे ठरवले. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने आणि काळ्यांच्या वृत्तपत्रांनी आवाज उठवला. त्या दबावामुळे काळ्यांसाठीची हीन शिवी पटकथेतून गेली आणि क्लॅनचा उघड उल्लेखही गेला. चित्रीकरणाच्या जागी गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगवेगळ्या शौचालयांच्या पाट्या लागल्या होत्या. काळ्या एक्स्ट्रांनी तक्रार केली, ती नायक क्लार्क गेबल यांच्या कानावर घातली आणि त्या पाट्या निघाल्या, असे त्यांतल्याच एकाने पुढे सांगितले. जी सुधारणा झाली ती मागून उभ्या राहणाऱ्यांनी तोंड उघडल्यामुळे झाली.

हॅटीला त्यात मॅमीची भूमिका मिळाली. मॅमी हे नाव नाही. मालकाची मुले सांभाळणाऱ्या गुलाम दाईला दिलेले ते संबोधन आहे. जवळपास चार तासांच्या चित्रपटात या बाईला स्वतःचे नाव नाही, नवरा नाही, मूल नाही, स्वतःचे सुखदुःख नाही. मालकिणीचे सुख तेच तिचे सुख. ही मॅमी गोऱ्या मनाची मोठी लाडकी. पॅनकेकच्या पिठाच्या पाकिटावरची आंट जेमिमा ही तिचीच बहीण. ते नाव कंपनीने २०२१ मध्ये बदलले, तोवर शंभराहून अधिक वर्षे ते चालले. गुलाम सुखी होते, त्यांना मालक हवेहवेसे वाटत होते, हे खोटे सांगण्यासाठी या हसऱ्या दाईचा वापर झाला. अशा पोकळ पात्रात हॅटीने माणूस भरला. मालकाच्या मुलीच्या मृत्यूनंतर जिना चढताना मॅमी रडत रडत घरातील दुःख सांगते, ते दृश्य पाहिलेल्याला विसरता येत नाही. चित्रपटातील सगळ्या उंची पोशाखांपेक्षा तो एक जिना अधिक खरा आहे.

१५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ मोठ्या थाटात झाला. त्या राज्यात वंशविभागणीचा कायदा होता. म्हणून चित्रपटातील काळ्या कलाकारांना तेथे येता आले नाही. कार्यक्रमपत्रिकेवरचा हॅटीचा फोटोही काढून टाकण्यात आला. आदल्या रात्री गोऱ्या प्रतिष्ठितांचा नाचाचा सोहळा झाला. त्यात एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाला गुलामांच्या वेशात गायला उभे केले होते. त्या वृंदात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. ज्याने पुढे सारी अमेरिका हलवली, त्याला त्या रात्री गुलामाचे कपडे घालून गोऱ्यांपुढे गायला लावले होते. इतिहास असे हिशेब लिहून ठेवतो.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसडर हॉटेलात ऑस्करचा सोहळा झाला. काळ्यांना प्रवेश न देण्याचा त्या हॉटेलचा रिवाज. सेल्झनिक यांना शब्द टाकून हॅटीसाठी खास परवानगी मिळवावी लागली. क्लार्क गेबल, व्हिव्हियन ली, ऑलिव्हिया डी हॅविलंड हे सारे निर्मात्याच्या टेबलावर बसले. हॅटीला मात्र भिंतीलगत एका छोट्या टेबलावर, तिच्या जोडीदाराबरोबर आणि एजंटाबरोबर वेगळे बसवले. सहाय्यक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी तिचे नाव पुकारले गेले. त्याच चित्रपटातील डी हॅविलंड ही तिची प्रतिस्पर्धी होती. केसांत पांढरी गार्डेनियाची फुले माळलेली हॅटी भिंतीपासून चालत मंचावर गेली. आपण आपल्या वंशाला आणि चित्रपट व्यवसायाला भूषण ठरावे अशी इच्छा तिने बोलून दाखवली आणि तिला रडू आवरेना. सहाय्यक कलाकारांना तेव्हा बाहुली देत नसत, छोटी पट्टिका देत. ती घेऊन ती परत भिंतीलगतच्या टेबलावर गेली. देशातील सर्वोत्तम ठरलेल्या अभिनेत्रीची बसण्याची जागा पुरस्काराने एक फूटही पुढे सरकली नाही. गुणवत्ता सिद्ध करा म्हणजे भेद आपोआप जाईल, असे शहाणपण शिकवणाऱ्यांनी ते टेबल डोळ्यांसमोर आणावे.

पुरस्कारानंतर मोठ्या भूमिका येतील असे कोणालाही वाटेल. आल्या त्या पुन्हा मोलकरणीच. एक अपवाद सांगितला पाहिजे. ‘इन धिस अवर लाइफ’ (१९४२) या चित्रपटात तिने एका आईची भूमिका केली. तिचा मुलगा कायद्याचा अभ्यास करणारा काळा तरुण. गोरी तरुणी मोटारीखाली मूल चिरडते आणि आळ या मुलावर ढकलते. हॅटीची ही आई ओरडत नाही, हातवारे करत नाही. काळ्या माणसाच्या शब्दाला कोणी किंमत देणार नाही, हे तिला ठाऊक आहे आणि ते ती शांतपणे सांगते. एवढी एक भूमिका पाहिली तरी हॉलिवूडने किती मोठी अभिनेत्री वाया घालवली ते कळते.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. एनएएसीपीचे प्रमुख वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलिवूडला आले. निर्मात्यांना भेटून त्यांनी मागणी केली की काळ्या माणसाला केवळ नोकर आणि विदूषक म्हणून दाखवणे बंद करा. मागणी शंभर टक्के रास्त होती. काळा तरुण ही चित्रे पाहून खाली मान घालत होता. मिशिगनमधील एका गावात ‘गॉन विथ द विंड’ पाहताना थिएटरात आपण एकटेच काळे होतो आणि दासीचे ते खुळचट पात्र पाहून लाजेने मेल्यासारखे झाले, असे माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. एका मुलाला असे वाटायला लावणारी कला निष्पाप म्हणता येत नाही. पण व्हाइट यांनी निर्मात्यांशी बोलणी केली ती ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्या कलावंतांना विश्वासात न घेता. हॅटी दुखावली. तिचे म्हणणे असे होते की पडद्यावर मोलकरीण झाले नाही तर मला खरी मोलकरीण व्हावे लागेल, आणि त्यात मिळकत फार कमी आहे. हे तिने चेष्टेने सांगितले, पण प्रसाधनगृहात टॉवेल देऊन आलेल्या बाईची ती चेष्टा होती.

यात कोण बरोबर? त्याच चित्रपटात दासी झालेली बटरफ्लाय मॅक्वीन हिने काही वर्षांनी अशा भूमिका नाकारल्या. तिचा स्वाभिमान मोठा, पण त्याची किंमत तिने चित्रपटाबाहेर मिळेल ते काम करून मोजली. हॅटीने भूमिका नाकारल्या नाहीत आणि तिने टीका सोसून किंमत मोजली. एकीला वंदन आणि दुसरीला शिव्या, असा सोपा निवाडा आपल्याला करता येणार नाही. मॅमीचे पात्र समाजाला घातक होते, हे व्हाइट यांचे म्हणणे खरे. ते पात्र हॅटीने लिहिले नव्हते, हेही तेवढेच खरे. लेखणी गोऱ्याच्या हातात, भांडवल गोऱ्याचे, थिएटर गोऱ्याचे. राग आला तर तो लेखणी आणि तिजोरी धरणाऱ्यावर आधी यावा, ट्रे धरणाऱ्या बाईवर नंतर. शोषित समाज अनेकदा उलटे करतो, कारण ट्रे धरणारी बाई आपल्या हाताच्या अंतरावर असते.

शिवाय हॅटीने मिळवलेल्या पैशाचे काय केले, तेही पाहावे. तिने लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्स या प्रतिष्ठित वस्तीत मोठे घर घेतले. काळे लोक त्या टेकडीला शुगर हिल म्हणत. तेथील खरेदीखतांत अट होती की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. काही गोऱ्या शेजाऱ्यांनी काळ्या रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी कोर्टात दावा लावला. अभिनेत्री लुईस बीव्हर्स आणि गायिका एथेल वॉटर्स याही त्यात होत्या. हॅटी गप्प बसली नाही. तिने शेजाऱ्यांना घरी जमवले, बैठका घेतल्या, एकजूट केली. लोरेन मिलर हे कृष्णवर्णीय वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी दावा फेटाळला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेल्या समान संरक्षणाचा आधार त्यांनी घेतला. याच मिलर यांनी थर्गुड मार्शल यांच्याबरोबर पुढे सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १९४८ च्या ‘शेली विरुद्ध क्रेमर’ निकालाने अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणणे देशभर बंद झाले. पडद्यावर जिला मालकाचे घर सोडवत नव्हते, त्या बाईने प्रत्यक्षात स्वतःच्या घरासाठी गोऱ्यांना कोर्टात हरवले. हुजरी बाई असे करत नाही.

त्याच सुमारास, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. दोन समाजांचे दुःख जवळचे आहे, हे दोघांनीही ओळखले होते. शुगर हिलचा दावा आणि आपल्याकडचा वस्तीचा प्रश्न यांत फरक भाषेचाच आहे.

१९४७ मध्ये हॅटीला रेडिओवर ‘ब्युला’ ही मालिका मिळाली. देशभर ऐकल्या जाणाऱ्या मालिकेची प्रमुख कलाकार होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पात्र पुन्हा मोलकरणीचेच. विशेष म्हणजे आधी या काळ्या मोलकरणीचा आवाज गोरे पुरुष काढत होते! हॅटीने अट घातली की काळ्यांची म्हणून जी मोडकी बोली नाटकांत वापरतात ती मी बोलणार नाही आणि न पटणारा मजकूर बदलण्याचा हक्क माझा राहील. ती अट मान्य झाली. वयाच्या पन्नाशीनंतर का होईना, लेखणीला हात लावण्याचा हक्क तिने मिळवला. टीव्हीवरील ‘ब्युला’चे काही भाग तिने केले, पण हृदयविकार आणि नंतर स्तनाचा कर्करोग यांनी तिला गाठले. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी ती गेली.

तिची इच्छा होती की हॉलिवूडच्या दफनभूमीत, आपल्या व्यवसायातील लोकांच्या शेजारी आपल्याला जागा मिळावी. मालकाने नकार दिला, कारण ती दफनभूमी गोऱ्यांसाठी होती. मेल्यावरही माणसाला जागा नाकारणारी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. हॅटीला रोझडेल येथे पुरले. सर्व वंशांच्या लोकांना घेणारी ती लॉस एंजेलिसमधील पहिली दफनभूमी. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. आपले ऑस्कर तिने हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला ठेवले. ते पुढे तेथून हरवले.

नंतर साऱ्यांना उपरती झाली. १९९९ मध्ये त्याच हॉलिवूडच्या दफनभूमीत नव्या मालकाने तिचे स्मारक उभारले. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने तिच्या नावे तिकीट काढले. २०१० मध्ये मोनिक या अभिनेत्रीने ऑस्कर घेताना हॅटीसारखीच गार्डेनियाची फुले माळली. २०२३ मध्ये अकादमीने हरवलेल्या पट्टिकेऐवजी नवी पट्टिका हॉवर्ड विद्यापीठाला दिली. मेलेल्याला मान देणे सोपे असते. तो वेगळे टेबल मागत नाही, घर मागत नाही, संवाद बदलायचा हक्क मागत नाही. हॅटीनंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळाले ते १९९१ मध्ये, व्हूपी गोल्डबर्ग यांना. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली. एका व्यक्तीला मिळालेला मान समाजाला आपोआप मिळत नाही, याचा हा आकड्यांतला पुरावा.

म्हणून हॅटी मॅक्डॅनियलकडून दोन गोष्टी घ्याव्यात. व्यवस्थेने ज्या जागी उभे केले त्या जागेवरून माणसाची लायकी मोजू नये. त्या जागेवर उभे राहून त्याने काय मिळवले आणि ते कोणासाठी वापरले, ते पाहावे. आणि दुसरी गोष्ट अशी की उत्तम नट पुरेसा नसतो. लेखक आपला हवा, निर्माता आपला हवा, थिएटर आणि वृत्तपत्र आपले हवे. ते नसेल तर तुमचा सर्वात गुणी माणूससुद्धा दुसऱ्याने लिहिलेली मॅमी होतो आणि त्याच्या वाट्याला भिंतीलगतचे टेबल येते. हॅटीने ते टेबल सोसले. पुढच्या पिढीने ते सोसण्याचे कारण नाही. तिने टेबल स्वतः मांडावे आणि कोणाला कोठे बसवायचे ते स्वतः ठरवावे.